हाल्फ ड्री म्हणजे किती वाजता?



माझी नात नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनच्या विद्यापीठात मृदाशास्त्र शिकते आहे. वर्गातले शिकवणे इंग्रजीत. पण दुकान, बस, शेजार सगळे डचमध्ये. म्हणून ती डच शिकू लागली आणि फोनवरून थोडे थोडे मीही.

एकदा तिला कुणी 'हाल्फ ड्री'ला भेटायला बोलावले. 'ड्री' म्हणजे तीन, म्हणून ही साडेतीनला पोचली. वेळ होती अडीचची! तिकडे ठरल्या वेळेला फार मान. पोर रडवेली झाली. मी म्हटले, "अगं, आपल्या अडीचचे मूळ संस्कृतातले 'अर्धतृतीय'. म्हणजे तिसरा अर्धा. डच माणूस तेच तर म्हणतोय." मग दीडही सापडला. 'आन्डरहाल्फ', म्हणजे दुसरा अर्धा.

पुढे आकडे आले. चोवीसला 'फीर-एन-ट्विन्टिख', चार आणि वीस. आधी एकक, मग दशक. इंग्रजी वळणाच्या माणसाला हे उलटे वाटते. हिला ते केदारखेड्याच्या शाळेत पाटीवरच पाठ झालेले. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस चार' असे वाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला आठवतो ना? लहान मुलांना ते सोपे जाते, असे डॉ. मंगला नारळीकरांचे म्हणणे होते. नॉर्वेने तर 1951 मध्येच असा बदल केला. चोवीस सांगितले की बेचाळीस लिहिणारी मुले मी पुष्कळ पाहिली, त्यामुळे तो मुद्दा मला पटतो. तरी जुन्या चोवीसवरचा माझा जीव काही कमी होत नाही.

"मराठी शाळेत घालून पोरीचं नुकसान केलं," हे आम्ही बरेच ऐकले. मराठीमुळे तिला डच आले असे मी म्हणणार नाही. मेहनत तिची आहे. पण परक्या भाषेत शिरताना पहिली पायरी घरचीच निघाली, याचे समाधान आहे.

तिथे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन घरातल्या सगळ्यांचे करतात. परवा सूनबाईच्या वाढदिवसाला नातीने फोनवर एकेकाला "खफेलिसिटेर्ट!" म्हटले. आमची ही विचारते, "आम्ही काय केलं गं?"

नात म्हणाली, "आजी, आई तुला मिळाली ना, म्हणून."