पानशेतला मुक्काम, पण स्वतःच्या बिछान्यात

पानशेत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बोटिंग, ओल्या जीन्स, मक्याचं कणीस, कांदाभजी आणि रविवारी संध्याकाळी डोणजे फाट्यापासून खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत लागलेली गाड्यांची रांग. माझ्याही डोळ्यांसमोर हेच यायचं. कॉलेजात असताना आम्ही किती वेळा गेलो असू, पण धरणाकडे नीट बघितल्याचं आठवत नाही. फोटो मात्र ढीगभर आहेत.

या मेच्या शेवटी गेले ती वेगळ्याच गाडीतून. आमच्या कोथरूडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका-काकू राहतात. काका बहात्तर, काकू एकोणसत्तर. काका पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, काकू शाळेत शिकवायच्या. मुलगा परदेशात. इथपर्यंत स्टोरी अगदी टिपिकल, बरोबर? पण लॉकडाऊन संपल्यावर या दोघांनी एक सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सहा महिने ठेवली आणि तिचं घर करून आणलं. मागे पलंग, पलंगाखाली कप्पे, एक बर्नर, छोटं सिंक, ८० लिटरची पाण्याची टाकी, कोपऱ्यात मोरीएवढा टॉयलेट. पडदे काकूंच्या जुन्या साड्यांचे. मागच्या दाराला स्टँडवर दोन सायकली. ‘मोटरहोम’ वगैरे शब्द आपण वापरायचे. काकू ‘गाडीघर’ म्हणतात.

हे सगळं वाटतं तितकं सोपं नाही बरं का. रजिस्टर झालेल्या गाडीत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत, आरटीओची परवानगी लागते. काकांच्या म्हणण्याप्रमाणे वर्कशॉपपेक्षा जास्त फेऱ्या त्यांनी तिथे मारल्या. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता रस्तोरस्ती मुक्कामाच्या जागा होतील. अजून तरी त्यांचा मुक्काम पेट्रोल पंप, देवळाचं पटांगण नाहीतर ओळखीच्यांच्या दारात असतो.

आणि हेच मला जाम आवडलं. हे दोघं ‘इंडिया टूर’ करत नाहीत. ते फक्त माणसांकडे जातात. कोल्हापूरला नणंद, बेळगावला मावसभाऊ, इंदूरला काकांचा कारखान्यातला मित्र, रत्नागिरीला काकूंची विद्यार्थिनी. नकाशावर त्यांचा रूट बघितला तर कुणीतरी पत्रिकावाटप करतंय असं वाटेल. मी विचारलं, नातेवाइकांकडेच जायचं तर त्यांच्याच घरी राहायचं ना, गाडीत कशाला? काकू म्हणाल्या, “अगं, सगळ्यांची घरं आता वन बीएचके नाहीतर टू बीएचके. आपण गेलो की पोरं हॉलमध्ये झोपतात, सुनेला पहाटे उठावं लागतं. आमच्या औषधांच्या वेळा, यांचं घोरणं. मग पुढच्या वेळी बोलावताना ते विचार करतात आणि जाताना आपण. आता कसं, जेवायला त्यांच्याकडे आणि झोपायला आपल्या घरी. लोक पुन्हा ‘या’ म्हणायला लागलेत.” तरी मुक्काम दोन रात्रींचाच. तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची म्हण तुम्हाला माहीत असेल, काकू ती तंतोतंत पाळतात.

सायकली कशासाठी? फिटनेससाठी, असं मी आपलं लिहून घेणार होते. तसं काही नाही. ट्रॅव्हलर गल्लीबोळात शिरत नाही आणि सोसायटीच्या गेटवरचे वॉचमन शिरू देत नाहीत. पुतण्याच्या पॉश सोसायटीत त्यांना ‘टेम्पो बाहेर’ असं सांगण्यात आलं होतं. तेव्हापासून गाडी मोकळ्या जागी लावायची आणि पुढे सायकलवर. काकू गोखलेनगरच्या चढावर भाड्याच्या सायकलीवर सायकल शिकल्या. तासावर भाडं आणि पडलात तर दुरुस्तीचे पैसे वेगळे. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची गोष्ट.

देशभर न सही, पण चार-पाच राज्यांत फिरून झालं तरी घरापासून चाळीसएक किलोमीटरवरचं पानशेत मात्र काकूंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शाळेची सहल गेली तेव्हा त्यांनी रजा टाकली. मुलाला घेऊन काका गेले, त्या घरी थांबल्या. कारण काकूंचं घर नारायण पेठेत नदीच्या बाजूला होतं आणि १२ जुलै १९६१ ला त्या पाच वर्षांच्या होत्या.

आपल्या पिढीला ही तारीख फार तर जीकेच्या प्रश्नातली. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण पूर्ण व्हायच्या आधीच त्या पावसाळ्यात भरायला लागलं. ते खचतंय असं दिसल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी ते फुटलं. तो लोंढा खडकवासल्याला आला आणि काही तासांत तिथलं जुनं दगडी धरणही फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, लकडी पूल दिसेनासा झाला आणि पूर ओसरल्यावर ज्या शहरात सगळीकडे पाणी होतं त्याला प्यायला पाणी नव्हतं. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अजूनही ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ असं येतं, ते गावाबद्दल नसतंच. काकूंच्या घराचं काहीच उरलं नाही. त्यांना आठवतो तो चिखलाचा वास, आणि मग गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी दिलेली अर्धगोल छपराची निसेन हट. त्यात त्यांचं बालपण गेलं.

मग आत्ताच का? कारण काकूंच्या शाळेतली मैत्रीण. दोघी एका शाळेत वीस वर्षं, एका डब्यात जेवलेल्या. रिटायर झाल्यावर मैत्रीण आपल्या माहेरच्या गावी, पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला दोन खोल्या बांधून राहायला गेली. गावाचं नाव लिहू नका असं तिने बजावलंय. दर वर्षी ती बोलवायची, दर वर्षी काकू म्हणायच्या, “तूच ये.” आणि ती यायची. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

शनिवारी पहाटे निघालो. काका ताशी चाळीसच्या वर जात नाहीत, मागचे हॉर्न वाजवत असतात आणि काका हात बाहेर काढून त्यांना पुढे जा म्हणतात. खडकवासल्यापर्यंत काकू गप्पा मारत होत्या. डोणजे फाटा मागे पडला, खानापूर, मालखेड आलं, उजवीकडे पाणी दिसायला लागलं, तशा त्या कमी बोलायला लागल्या. रुळ्याला चहाला थांबलो. समोरच्या डोंगरावर नीलकंठेश्वर, तिथे जायला इथून लाँच मिळते. तुम्ही गेला नसाल तर जा. काकूंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

धरणाच्या अलीकडे एका झाडाखाली काकांनी गाडी लावली, पंखा सुरू केला आणि “तुम्ही दोघी या जाऊन” म्हणून आडवे झाले. त्यांची सायकल मला. मनात म्हटलं, जिमला जाते मी, एकोणसत्तर वर्षांच्या बाईंबरोबर काय टेन्शन? पहिल्याच चढाला मी उतरून सायकल ढकलत होते आणि काकू वर जाऊन थांबल्या होत्या. पण माझी वाट बघत नव्हत्या. तिथून धरणाची भिंत दिसत होती, सत्तरच्या दशकात पुन्हा बांधलेली. हिरवट उतार, वर सरळ रेघ. “एवढंच?” असं त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

पावसाळ्यात पेपरात रोज चार आकडे येतात. खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. भरली की आपण सुटलो. त्या १०.६५ च्या आत, म्हणजे तानाजीसागर म्हणतात त्या जलाशयाच्या आत, घरं होती हे मला त्या दिवशी कळलं. मेमध्ये पाणी खूप खाली जातं. मैत्रिणीच्या (सगळं गाव त्यांना ‘बाई’ म्हणतं, मीही तेच म्हणते) अंगणातून खाली बघितलं तर तडकलेला गाळ आणि त्यात दगडांच्या चौकोनी रांगा. जोती.

“ते तिसरं आमचं,” बाई म्हणाल्या. ओसरीवर तिघी बसलो होतो. पिठलं-भाकरी झाली होती, वर करवंदं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग बाई जे बोलल्या ते मी रेकॉर्ड केलेलं नाही, लक्षात आहे तसं लिहिते.

“तुला एक कधी सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात पाणी चढलं तसे आम्ही घर सोडून वर आलो होतो. मी तीन वर्षांची, मला काही आठवत नाही, आई सांगायची. मग एका सकाळी पाणी उतरायला लागलं. घराची जागा पुन्हा वर आली. आमच्याकडे आनंद झाला गं त्या दिवशी. आई म्हणायची, देवीने ऐकलं असंच वाटलं सगळ्यांना. पुण्याचं नंतर कळलं. तुझ्याबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला, पण हे कसं सांगायचं?”

मला वाटलं आता काकू रडतील. आपण सिनेमे फार बघतो. त्यांनी विचारलं, “मग घर होतं का जागेवर?”

“भिंती नव्हत्या. जोतं होतं.”

“आमचं जोतंही नव्हतं,” काकू म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “तुझ्या आईचं काय चुकलं? तिचं घर होतं ते.”

मग धरण पुन्हा झालं, पाणी पुन्हा चढलं, भावकीतल्या बऱ्याच जणांना दौंडकडे जमिनी मिळाल्या, ते तिकडे गेले. बाईंचा थोरला भाऊ अजून तिकडेच आहे, वय झालंय, येणं होत नाही. बाईंना एसटीने इतका वेळ बसवत नाही. हे सगळं बोलणं करवंदं खाता खाता, मध्येच शाळेतल्या कुठल्या तरी हेडबाईंची नक्कल करत. मी मात्र त्या तिसऱ्या चौकोनाकडे बघत होते. सकाळी घरातून निघताना मी शॉवर वीस मिनिटं चालू ठेवला होता.

संध्याकाळी काका गाडी घेऊन जितकं वर येता येईल तितकं आले. बाई काठी टेकत खाली आल्या, गाडीघर आतून बघितलं, पलंगावर बसून बघितलं, सिंकचा नळ सोडून बघितला. “पाणी कुठलं भरलंय?”

“कोथरूडचं,” काका म्हणाले.

“म्हणजे इथलंच की.”

रात्री मी बाईंच्या ओसरीवर झोपले, दोघं गाडीत. सकाळी उठले तेव्हा काकू आणि बाई गाडीच्या पायरीवर चहा घेत बसल्या होत्या आणि प्लॅन ठरला होता. जूनमध्ये पाऊस जोर धरायच्या आत दौंडला, बाईंच्या भावाकडे. तिघं, दोन रात्री. काका टेप घेऊन पलंगाची रुंदी मोजत होते.

“तिसरा कुठे झोपणार?” मी विचारलं.

“मी बाहेर, सायकलींपाशी,” काका म्हणाले. “घोरण्याचा प्रश्नही सुटला.”