साउंडवाल्या भाऊंचं देणं

आमच्या पॉडकास्टचे भाग ऐकून लोक विचारतात, स्टुडिओ कुठला? अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका घरात धान साठवायची खोली आहे, तिथंच आम्ही रेकॉर्डिंग करतो. तिथं बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो, ती साउंडवाल्या भाऊंची कृपा.

भाऊंची उमर झाडीपट्टीच्या नाटकांत गेली. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले की वडश्याच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. नाटक रात्रभर चालतं आणि शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या आजीलाही संवाद कळावा लागतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या या रंगभूमीचं नाव देशभर झालं. मंचाच्या कडेला वायरींच्या जाळ्यात रात्र काढणाऱ्याचं नाव मात्र कुणी विचारत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मला झाडीबोलीतल्या कहाण्या आणि रोवणीची गाणी आवाजात जपायची होती. आमच्याच तालुक्यातल्या नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांचं रानाचं ज्ञान मारुती चितमपल्लींनी पुस्तकांत उतरवलं, म्हणून ते टिकलं. पण माधवरावांचा आवाज कसा होता, हे मला कधी ऐकायला मिळालं नाही. ती हळहळ मनात होती. म्हणून जमवलेले पैसे घेऊन मी भाऊंकडे गेले. महागडा कंडेन्सर माइक घ्यायचं माझ्या डोक्यात होतं.

भाऊंनी किंमत विचारलीच नाही. विचारलं, "ताई, बोलनारा बसन कोठी?" मी खोलीचं वर्णन केलं. वर टिनाचं छप्पर, शेजारी राइस मिल, थोड्या अंतरावरून गोंदिया–बल्लारशा गाडी. ते म्हणाले, "मंग तो माइक नोको. तो मिलही आयकन."

मग समजावून सांगितलं. कंडेन्सर नाजूक कानाचा, खोलीतलं सगळं टिपतो आणि त्याला ४८ व्होल्टचा पुरवठाही लागतो. डायनॅमिक माइकला तो लागत नाही. तोंडापासून चार बोटांवर धरला तर तो समोरचा आवाज घेतो आणि मागचा पुष्कळसा सोडून देतो. १९६६ पासून जगभरच्या मंचांवर दिसणारा शुअरचा एसएम५८ याच जातीचा. कॉलर माइक त्यांनी साफ नाकारला, कारण आमच्या बाया बोलता बोलता पदर सावरतात, आणि पदर नि पोत माइकला घासली की शब्दावर खरखर बसते. रेकॉर्डर सेलवर चालणारा घ्यायला लावला. एक तर लाइटचा भरवसा नाही, शिवाय घरच्या विजेची ५० हर्ट्झची घूं आवाजात शिरायला नको.

धानाची खोलीही त्यांचीच निवड. त्यांनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि मान हलवली. तिन्ही बाजूंनी बारदानाची पोती रचलेली, त्यामुळं टाळी जागीच विरली. पुढच्या खोलीत तीच टाळी टिनावर आदळून परत आली होती.

वायर गुंडाळायला त्यांनी मला ओसरीत बसवून शिकवलं. एक वेढा सरळ, दुसरा मनगट आत वळवून उलटा, पुन्हा सरळ. अशी वायर सोडताना तिला पीळ पडत नाही आणि आतलं तांबं तुटत नाही. कोपराभोवती वायर गुंडाळणाऱ्या पोराला ते आजही रागावतात.

कामाचा क्रमही त्यांनीच लावून दिला. आधी हेडफोन कानाला, मग माइक सुरू. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. हसू फुटलं तरी आवाज फाटू नये म्हणून ती मोकळी जागा. गोष्ट सुरू होण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं, म्हणजे खोलीची शांतताही नोंदली जाते आणि पुढं जोड देताना कामी येते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. फाइलच्या नावात तारीख, गाव, विषय. घर सोडण्याआधी दुसरी प्रत. कापाकापी, ८० हर्ट्झखालची घरघर गाळणं आणि शेवटी मोनो एमपी३ एवढंच काम आता संगणकावर उरतं. पूर्वी एका भागाला लागणारा वेळ निम्म्याहून कमी झाला. मूळ वेव्ह फाइल मात्र कधीच पुसायची नाही, हा त्यांचा शब्द मी पाळते.

पैशाचं पाकीट पुढं केलं तर रागावले. नवा भाग आला की मी त्यांच्या दुकानात जाते. ते डोळे मिटून पूर्ण ऐकतात आणि कहाणीबद्दल बोलायच्या आधी सांगतात, कुठं कूलर सुरू राहिला होता. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

झाडीपट्टीत गावोगाव साउंडवाले आहेत. घरातल्या म्हाताऱ्यांचा आवाज जपायचा असेल, तर माइक मागवण्याआधी त्यांच्या दुकानात जाऊन तासभर बसा. आणि काम झालं की भागाच्या शेवटी त्यांना विचारून त्यांचं नाव जरूर घ्या.