सोर्बोनचा प्राध्यापक आणि आमची नोंदवही

प्रवचन करणाऱ्या माणसाला एक सोय असते. तो बोलतो, लोक ऐकतात, मिस्सा संपते आणि माणसे आपापल्या घरी जातात. सांगितलेल्या शब्दांचे पुढे काय झाले, याचा जाब त्याला सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला मात्र एकदा असा जाब विचारला गेला, आणि तोही वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. तो प्रसंग सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

१९९७ साल. आमच्या गुरुदीक्षेला जेमतेम एक वर्ष झाले होते आणि आम्ही एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. त्या वर्षी २२ ऑगस्ट रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात फ्रेडरिक ओझानाम या प्रापंचिकाला ‘धन्य’ घोषित केले. जागतिक युवा दिनानिमित्त देशोदेशींचे तरुण तेव्हा पॅरिसमध्ये जमले होते. आमच्या धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनी पुढच्या रविवारी ओझानाम यांच्यावर बोलण्याची आम्हांस विनंती केली. सेमिनरीतील अभ्यास अजून ताजा होता. आम्ही मोठ्या उत्साहाने बोललो.

काय बोललो होतो, ते थोडक्यात सांगतो. ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान येथे झाला आणि बालपण फ्रान्समधील लियों शहरात गेले. वडील डॉक्टर होते. शाळकरी वयातच या बुद्धिमान मुलाच्या मनात श्रद्धेविषयी शंकांचे काहूर माजले. तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या आबे नुआरो या धर्मगुरूंनी त्याला दटावले नाही. त्याचे ऐकून घेतले, त्याच्याबरोबर विचार केला. मुलगा सावरला आणि आपले आयुष्य सत्याच्या सेवेला वाहण्याचा त्याने निश्चय केला. १८३१ साली कायद्याच्या अभ्यासासाठी तो पॅरिसला गेला आणि काही काळ आंद्रे-मारी अँपिअर या शास्त्रज्ञाच्या घरी राहिला. विजेच्या प्रवाहाचे माप आज ज्यांच्या नावाने सांगितले जाते, तेच हे अँपिअर. एवढा मोठा विद्वान लहान मुलासारखा गुडघे टेकून प्रार्थना करतो, याचा त्या अठरा वर्षांच्या तरुणावर खोल परिणाम झाला.

त्या काळच्या पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांची वादसभा भरत असे. ख्रिस्तसभेने पूर्वी मोठी कामे केली हे खरे, पण आज तुम्ही कॅथलिक मंडळी गरिबांसाठी करता तरी काय, असा प्रश्न तेथे विरोधकांनी टाकला. प्रश्न झोंबणारा होता आणि रास्तही होता. १८३२ च्या पटकीच्या साथीने पॅरिसच्या गरीब वस्त्यांची दैना उडविली होती. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे आपल्या विसाव्या वाढदिवशी, ओझानाम व त्यांचे काही सोबती एका वडीलधाऱ्या संपादकाच्या कचेरीत जमले, आणि पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या कार्याचा आरंभ झाला. मुफतार वस्तीत सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू या धर्मभगिनीने त्यांना गरीब कुटुंबांची नावे दिली आणि गरिबांशी कसे बोलावे, कसे बसावे, हेही शिकविले. (या सिस्टरांना २००३ साली ‘धन्य’ घोषित करण्यात आले.) या तरुणांनी एक नियम पहिल्यापासून पाळला. भाकरी पाठवून द्यावयाची नाही. ती घेऊन आपण स्वतः गरिबाच्या घरी जावयाचे.

एवढे सांगून त्या रविवारी आम्ही वेदीवर परतलो. प्रवचन चांगले झाले, असे पुष्कळांनी सांगितले. आम्हीही ते खरे मानले.

त्याच धर्मग्रामात आम्ही बऱ्याच वर्षांनी प्रमुख धर्मगुरू म्हणून परतलो, तेव्हा सारे बदलून गेले होते. केळीच्या बागा होत्या तेथे चार मजली इमारती उभ्या होत्या आणि सोसायटीचे सभासद साठीच्या पुढे गेले होते. दर महिन्याला वीस-बावीस घरी तांदूळ, डाळ व तेल पोहोचविताना त्यांची दमछाक होई. आम्ही हिशेबी माणसे. आम्ही एक सुटसुटीत व्यवस्था लावून दिली. महिन्याच्या पहिल्या रविवारी गरजूंनी चर्चच्या कचेरीत यावे, कार्ड दाखवावे, नोंदवहीत सही किंवा अंगठा करावा आणि धान्य घेऊन जावे. लागोपाठ दोन महिने जो येणार नाही, त्याला गरज उरली नाही असे समजून त्याचे नाव कमी करावे. वेळ वाचला, हिशेब चोख राहू लागला आणि सर्वांनी आमच्या व्यवस्थेचे कौतुक केले.

एकट्याने विरोध केला. हे गृहस्थ एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरीस होते. पहाटेची मिस्सा, मग गर्दीची लोकल आणि दिवसभर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम. त्यांच्याविषयी एक गोष्ट कबूल करावयास हवी. एकदा एका देणगीदाराच्या मुलाच्या निकालाची ‘जरा चौकशी’ करण्याविषयी आम्हीच त्यांना सुचविले होते. ते नम्रपणे म्हणाले होते, “फादर, निकाल लागेल तेव्हा सगळ्यांबरोबर त्यालाही कळेल.” तेव्हा आम्हांला थोडा राग आला होता. आज त्या सूचनेची लाज वाटते.

नव्या व्यवस्थेविषयी ते आमच्या कचेरीत येऊन म्हणाले, “फादर, गरिबाने आपल्या दारी येऊन रांग लावायची, हे आपल्या सोसायटीत बसत नाही.”

आम्ही विचारले, “हे कुणी सांगितले तुम्हांला?”

“तुम्हीच, फादर. सत्त्याण्णव साली. ओझानामच्या प्रवचनात. ते ऐकून तर मी सोसायटीत आलो.”

आम्ही हसलो आणि काळ बदलला आहे, असे काहीसे उत्तर दिले. त्यांनी वाद घातला नाही. फक्त एवढेच म्हणाले की, आपण आपल्या वाट्याच्या घरी जातच राहू.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एक वृद्ध विधवा दोन महिने आली नाही. नियमाप्रमाणे तिच्या नावावर रेघ मारली गेली. ती रेघ आम्ही स्वतः मारली, हे येथे नमूद करतो. पंधरा दिवसांनी तेच गृहस्थ कामावरून परतताना भिजलेल्या छत्रीनिशी आमच्याकडे आले. म्हणाले, “फादर, आत्ता चलता का? लांब नाही.”

ती वृद्धा खाटेवर पडून होती. ओट्यावरून पाय घसरून कंबरेचे हाड मोडले होते. शेजारची एक हिंदू भगिनी दोन वेळा चहा आणि जमेल तेव्हा भात देत होती. घरातील पेटीपाशी पवित्र मरियेच्या तसबिरीपुढे वात नव्हती. ती लावणारे कोणी उठू शकत नव्हते. आम्हांला पाहून ती उठण्याची धडपड करू लागली आणि आम्ही काही बोलण्याच्या आतच तिने क्षमा मागितली. “कार्ड कुठे पडलं ते मिळत नव्हतं फादर, म्हणून कोणाला पाठवलं नाही. तुम्हांला राग आला असेल.”

आमच्या धर्मगुरुपणाच्या आयुष्यात मृत्युशय्येजवळ आम्ही पुष्कळदा बसलो आहोत. पण त्या खाटेजवळ जितके ओशाळलो, तितके क्वचितच. आम्ही तिला दवाखान्यात हलविले. ती पुन्हा चालू शकली नाही. चार महिन्यांनी ती प्रभूच्या घरी गेली. त्या चार महिन्यांत हे परीक्षा विभागातील गृहस्थ दर शनिवारी तिच्याकडे जात आणि तिच्याबरोबर रोझरी म्हणत. पहिल्या दिवशी ते आम्हांला घेऊन गेले नसते, तर आमच्या नोंदवहीत तिची गरज संपलेलीच राहिली असती.

त्यानंतर आम्ही ओझानाम यांचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले. तरुणपणी ते प्रवचनासाठी वाचले होते. आता पन्नाशी उलटल्यावर स्वतःसाठी वाचले. आणि जे पूर्वी डोळ्यांखालून निसटले होते, ते दिसू लागले. ओझानाम हे सोसायटीचे संस्थापक एवढेच आम्ही सांगत आलो होतो. पण त्यांच्या दिवसाचा मोठा भाग विद्यापीठात जात असे. १८३६ मध्ये कायद्याची व १८३९ मध्ये दान्तेवरील प्रबंधासह साहित्याची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. १८४० च्या स्पर्धापरीक्षेत ते पहिले आले आणि सोर्बोनमध्ये परकीय साहित्य शिकवू लागले; १८४४ साली, एकतिसाव्या वर्षी, त्या विषयाचे पूर्ण प्राध्यापक झाले. श्रद्धेला जुनाट समजणारे पुष्कळ लोक त्या परिसरात होते. ओझानाम यांनी वर्गात उपदेश केला नाही, पण श्रद्धा झाकूनही ठेवली नाही. मध्ययुगातील साहित्य व ख्रिस्तसभेचे कार्य यांचा अभ्यास त्यांनी इतक्या कसोशीने केला की, त्यांचे मत न पटणाऱ्यालाही त्यांचे कष्ट मान्य करावे लागत. थोर अँपिअर यांचे पुत्र त्यांचे स्नेही होते. या मित्राची श्रद्धा डळमळीत होती. म्हणून ओझानाम यांनी मैत्री तोडली नाही आणि काळजी करणेही सोडले नाही.

त्यांच्या संसारातील एक गोष्ट आपल्या कुटुंबांनी ऐकण्यासारखी आहे. अमेली यांच्याशी त्यांचा विवाह २३ जून १८४१ रोजी झाला. पुढे दर महिन्याच्या २३ तारखेला ते पत्नीला फुले देत, आजारपणातही. १८४५ साली त्यांना मारी ही कन्या झाली.

मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना ग्रासले. १८५२ साली विद्यार्थी व्याख्यानासाठी ओरड करीत आहेत, असे कळल्यावर ते तापाने फणफणलेल्या अंगानिशी उठून वर्गात गेले आणि शिकविले. तो त्यांचा शेवटचा वर्ग. पुढच्या वर्षी प्रकृतीसाठी इटलीत असताना, २३ एप्रिल १८५३ रोजी, पिसा शहरात चाळिसाव्या वाढदिवशी त्यांनी एक प्रार्थना लिहून ठेवली. यशयाच्या ग्रंथातील हिज्कीया राजाचे आजारपणातील गीत त्यांच्यापुढे होते. त्या प्रार्थनेत ते देवाशी जणू घासाघीस करतात. तरुण पत्नी आहे, गोड मुलगी आहे, मानाची जागा आहे, मनात योजिलेला ग्रंथ अर्धा झाला आहे. हे सगळेच सोडावयाचे का? विद्वत्तेचा अभिमान सोडला, विद्यापीठातील आकांक्षा सोडल्या, अर्धी पुस्तके विकून पैसे गरिबांना दिले, तर पत्नीबरोबर म्हातारे होण्याची व मुलीला वाढविण्याची सवड मिळेल का? आणि मग ते स्वतःच ओळखतात की, देव असले हिशेबी दान घेत नाही. त्याला खुद्द आपणच हवे आहोत. तेव्हा ते म्हणतात की, मी येतो. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला, ज्या सुमारास आपली माणसे मेणबत्त्या घेऊन वांद्र्याच्या मोत माउलीकडे जातात त्या मरियेच्या जन्मदिनी, मार्सेय येथे त्यांनी देह ठेवला.

ही घासाघीस वाचताना आम्ही थांबलो. आम्हीही देवाला सोयीचा भाग देऊ केला होता: चोख नोंदवही, वेळेवर वाटलेले धान्य, चांगले प्रवचन. फक्त ओट्याची पायरी चढणे तेवढे टाळले होते.

गेल्या वर्षी ते गृहस्थ निवृत्त झाले. आभाराची मिस्सा अर्पण करण्यास सांगण्यासाठी आले तेव्हा खिन्न दिसले. म्हणाले, “फादर, तेहतीस वर्षं गठ्ठे मोजले. माझ्यामुळे कुणी देवाजवळ आलं असं काही झालं नाही.” आम्ही त्यांना सांगितले की, निदान एक धर्मगुरू आला आहे. त्यांना ते पटले की नाही, ठाऊक नाही. ते संकोचून हसले आणि मिस्सेची वेळ विचारून गेले.

आता आमच्या धर्मग्रामात धान्य पुन्हा घरोघर जाते. सभासद वयस्कर आहेत, म्हणून तरुणांच्या जोड्या त्यांच्याबरोबर जातात. महिन्यातून दोन घरे आमच्याही वाट्याला आहेत. जिने चढताना गुडघे कुरकुरतात. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळजण शाळा-कॉलेजांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत काम करतात आणि आपली नोकरी व आपली श्रद्धा यांचा एकमेकींशी काय संबंध, असे आम्हांला विचारतात. आम्ही त्यांना या दोघांची गोष्ट सांगतो, एक सोर्बोनचे आणि एक परीक्षा विभागातले. आणि तुमच्या धर्मगुरूने कधी चांगले प्रवचन केले असेल, तर ते लक्षात ठेवा, आणि वेळ आली की त्याला त्याची आठवण करून द्या, एवढीच आमची विनंती आहे.