वाटा कोण ठरवतो?

कामरगावात बसून समुद्रावर आणि वाइनवर लिहिणं काहींना आगाऊपणा वाटेल. वऱ्हाडातल्या कारंजा तालुक्यातलं आमचं गाव सोयाबीन-तुरीचं. पण मालाच्या ढिगाशेजारी उभं राहून दुसऱ्याने सांगितलेला भाव ऐकायची ज्याला सवय आहे, त्याला मालवणची रापण आणि नाशिकच्या वायनऱ्या यांतलं नातं लवकर कळतं. घरचा किंवा गावचा धंदा परंपरेच्या जोरावर तगत नाही. मालाचा वाटा आणि भाव कोण ठरवतो, त्यावर तो तगतो. आमच्याकडे बाजार समितीत मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात पडतात आणि आकडा 12 टक्क्यांच्या वर गेला की बोली खाली येते. 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. खुल्या बाजारात बहुतेकांना त्याहून कमीच मिळाले.

रापणीत हिशेब वाळूवरच होतो. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढून पुन्हा किनाऱ्याला लागते आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं पाय रोवून ओढतात. मग मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या हातांचा. भांडवलाला वाटा आहे, पण सगळा माल भांडवलाचा नाही. एवढी चोख पद्धत, तर रापणी ओस का पडल्या, असं कुणी विचारेल. दोष वाटणीचा नव्हे. किनाऱ्याकडे येणारे बांगड्या-तारलीचे थवे पर्ससीन जाळी बाहेरच उचलू लागली. 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा दिली, तरी अंमलबजावणीसाठी मच्छीमारांना आंदोलनं करावी लागली. म्हणजे वाटणी कितीही न्यायाची असो, मूळ माल राखणारा कायदा नुसता कागदावर असून भागत नाही.

नाशिकची गोष्ट उलट्या बाजूने तेच सांगते. किलो-सव्वा किलो द्राक्षांत 750 मिलीची एक बाटली होते; द्राक्षाचा भाव आणि बाटलीचा भाव यांतलं अंतर शेतकऱ्याला न समजण्यासारखं नाही. 2001 च्या राज्य धोरणानंतर अनेक कुटुंबांनी वायनऱ्या टाकल्या. 2008-09 च्या मंदीत त्यांतल्या कित्येक बसल्या. मग स्वतः प्रक्रिया करूनही बुडायचंच असेल तर कच्चा माल विकलेला काय वाईट, हा आक्षेप वजनदार आहे. पण त्यांच्याकडे टाक्या होत्या, गिऱ्हाईक नव्हतं. नाशिकच्याच सुला वायनरीने 2005 मध्ये मळ्यातच टेस्टिंग रूम उघडली आणि गिऱ्हाईक दारात आणलं. पुढे 2021 मध्ये गंगावऱ्ह्याची यॉर्क ही कौटुंबिक वायनरीही सुलाकडेच गेली. विक्री ज्याच्या हातात, शेवटी धंदा त्याचा. राहिला वाइन ही दारूच, हा मुद्दा. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय झाला, तेव्हा अण्णा हजारेंनी हाच मुद्दा हिरिरीने मांडला. मला तो पटतो. वऱ्हाडात वायनरी काढा असं मी म्हणतच नाही.

तसंही सोयाबीनचा पेला चाखायला कामरगावात कोण येणार! तेलाची गिरणी काढणंही एकट्यादुकट्याचं काम नाही. पण आमच्या हातातून निसटलेली एक पायरी फार जवळची आहे, ती बियाण्याची. हिवाळ्यात पडत्या भावात विकलेलं सोयाबीन आम्ही जूनमध्ये पिशवीतून भारी दराने परत आणतो. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, दरवर्षी नवं बियाणं घ्यायची गरज नाही. 'घरचं उगवत नाही' ही तक्रार खोटी नाही. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती थप्पीने रचून आपटली की दाण्याचं पातळ साल फुटतं आणि उगवण जाते. उपाय मळणीपासूनच करावा लागतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर किंवा जास्त उगवले तर ते बियाणं पेरणीला चालतं. कायदाही इथे आपल्या बाजूचा आहे: 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायला, बदलायला आणि ब्रँडचं नाव न लावता विकायलाही मुभा दिली आहे. तेव्हा येत्या मे महिन्यात कृषी केंद्राच्या रांगेत उभं राहण्याआधी घरातल्या पोत्यातले शंभर दाणे मोजा.