एक वाटी म्हणजे किती?

आईच्या वहीत केकची कृती अशी आहे : मैदा २ वाट्या, साखर १ वाटी, लोणी १ वाटी, अंडी ३, बेकिंग पावडर दीड चमचा, दूध लागेल तसं.

इथे अमेरिकेत आल्यापासून मी हा केक चार-पाच वेळा केला आणि दर वेळी वीट तयार झाली. व्हॅनिलाचा वास येणारी, पण वीटच.

पडलो प्रोग्रॅमर. म्हटलं, वाटीच्या जागी मेझरिंग कप टाकला की झालं. सगळं एकाच मापानं घेतलं तर प्रमाण तेच राहणार ना! पण त्यात ती तीन अंडी होती. कप मोठा झाला म्हणून अंडं काही मोठं होत नाही.

मागच्या महिन्यात आई आली. बॅगेत भाजणी, लोणचं आणि (मी फोनवर भुणभुण केली होती म्हणून) ती वाटी. डिजिटल काट्यावर ठेवून तिच्यात काठोकाठ पाणी भरलं. पाणी भरलं १५० ग्रॅम, म्हणजे वाटी १५० मिलीची. अमेरिकन कप २३७चा. (ऑस्ट्रेलियात २५०, जपानमधे २००. नाव तेवढं सगळीकडे सारखं!) म्हणजे इतकी वर्षं मी तीन अंड्यांत दीडपट मैदा कोंबत होतो.

बग सापडला! लगेच स्प्रेडशीट उघडली. वाटीभर साखर साधारण १२७ ग्रॅम, लोणी १४४. मैद्यापाशी मात्र गाडी अडली. मैद्यात हवा असते. चमच्यानं हलकेच भरला तर अमेरिकन कपात १२०-१२५ ग्रॅम बसतो, कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५०सुद्धा. शिवाय 'दोन वाट्या चाळलेला मैदा' आणि 'दोन वाट्या मैदा चाळून' यात फंक्शनांचा क्रम उलटा, त्यामुळे उत्तरही वेगळं. आईला विचारलं तर म्हणे, "आधी घ्यायचा, मग चाळायचा. यात विचारायचंय काय?"

शेवटी म्हटलं, तू नेहमीसारखी वाटी भर, मी वजन करतो.

८१. ९४. ७३. ८८.

मी आपला सरासरी काढायच्या नादात. आई आकड्यांकडे बघत होती. म्हणाली, "पूर्वी असं होत नसे रे."

तेव्हा कुठे मी मान वर करून बघितलं. वाटीवरून सुरी फिरवताना तिचा हात थरथरत होता. ओट्यावर मैदा सांडला होता. फोनवर हात दिसत नाही. गेल्या वर्षी ती म्हणाली होती, "आता केक-बिक कोण करत बसतंय," तेव्हा मी ते कंटाळा म्हणून सोडून दिलं होतं.

काय बोलावं सुचेना. तिनंच विषय संपवला. "किती आली तुझी सरासरी?"

"८४. दोन वाट्यांचे १६८."

"आण तो काटा इकडे."

भांडं काट्यावर ठेवून ती चमच्याचमच्यानं मैदा घालत गेली. १७१ झाले, तर थोडा काढला. हात थरथरतच होता, पण काट्याला त्याचं काही नव्हतं. दूध मात्र तिनं न मोजताच घातलं. मिश्रण चमच्यावरून कसं पडायला हवं ते मला दोनदा दाखवलं. ते स्प्रेडशीटमधे कसं लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

केक मस्त फुलला. वहीत आता प्रत्येक ओळीपुढे ग्रॅम लिहिलेत, तिच्याच अक्षरात. थोडं वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं.

पुढच्या आठवड्यात तिचं परतीचं विमान. वाटी माझ्याकडे ठेवून जाणार आहे. काटा मी तिच्या बॅगेत टाकलाय, जास्तीच्या सेलसकट.