निरोप्या परत आलाच नाही

आमच्या ओसरीतली एक भिंत ही आईची वही आहे. घरात दोन म्हशी आणि बारा घरी रतीब. प्रत्येक घराची भिंतीवर एकेक रांग. लिटराला कोळशाची उभी रेघ, अर्ध्याला आडवी. आईला अक्षर वाचता येत नाही, पण कुठली रांग कोणाची हे तिला झोपेतही सांगता येईल. महिनाअखेरीला ती रेघा मोजते आणि एका पैशाची चूक होत नाही.

अशा या भिंतीचं ॲप करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं, त्याला कारण मावसभावानं दिलेला जुना लॅपटॉप. मी कला शाखेचा, त्यातून मराठी घेतलेलं. मित्र हसले. हसोत बापडे!

स्क्रीनवर बारा घरांच्या दारांचे फोटो. दारावर बोट ठेवलं की एक चौकट उघडणार. तयार मिळणारी 'होय-नाही'ची चौकट माझ्या कामाची नव्हती. मला मापांची चित्रं हवी होती, म्हणून चौकट मी स्वतःच बनवली. आईनं माप दाबायचं, चौकट मिटायची आणि आकडा दाराखाली उमटायचा. इतकी साधी गोष्ट!

पण पहिल्याच संध्याकाळी दाराखाली उमटलं ते शून्य. पाव दाबा, लिटर दाबा, शून्यच. दोन रात्री गेल्या तेव्हा उमगलं, की चौकट उघडण्याचा हुकूम दिला म्हणून प्रोग्राम तिथं थांबत नाही. मी पुढच्याच ओळीत 'माप किती?' असं विचारत होतो; बोट मापावर पडायच्या कितीतरी आधी. पोराला दुकानात पिटाळावं आणि तो उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच 'साखर आणलीस का रे?' म्हणून ओरडावं, तसा प्रकार. उत्तर येईल तेव्हा ते कोणी घ्यायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. त्या घेणाऱ्याला लिसनर म्हणतात. मी स्क्रीनलाच लिसनर केलं, तिचा पत्ता चौकटीच्या हाती दिला आणि आकडा मुकाट्यानं दाराखाली येऊन बसला. त्या रात्री आनंदानं मला झोप आली नाही.

आईनं महिनाभर भिंतीला कोळसा लावला नाही. घरोघरी फोन दाखवून आली, "माझ्या पोरानं केलंय."

महिना संपला. कोपऱ्यावरच्या घरी रोज दीड लिटर जातं. तिथला हिशेब बघून आई म्हणाली, "आरं, ह्यात तीन दिसाचं दूध कुठं गेलं?" साडेचार लिटर, साठाच्या दरानं २७० रुपये. आई त्या घरी सांगायला गेली. तिथल्या बाई हसून एवढंच म्हणाल्या, "मावशी, फोनात आहे तेवढंच धरायचं ना?" इतकी वर्षं आईच्या शब्दावर पैसे देणारं घर ते. आई काही बोलली नाही. मलाही काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

मग मी फोन घेऊन गोठ्यात बसलो. आई दूध मापताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून फोन आडवा करून कॅनला टेकवते. एकोणीस वर्षं तिचं मापणं बघतोय, हे मला सुचायला हवं होतं. अँड्रॉइडमध्ये फोन आडवा झाला की एरवी सिस्टिम स्क्रीन मोडून नव्यानं उभी करते. चौकटही नवी येते, दिसायला हुबेहूब तीच. पण मी हाती दिलेला पत्ता जुन्या चौकटीबरोबर गेलेला असतो. आई माप दाबत होती, चौकट मिटत होती आणि आकडा कुठंच पोचत नव्हता. त्यावर माझी हुशारी अशी, की 'पत्ता नसेल तर गप्प बस' असं मीच लिहून ठेवलेलं. का, तर ॲप मध्येच बंद पडू नये! पडलं असतं तर आईनं निदान हाक तरी मारली असती.

यावरचा उपाय २०२१ पासून अँड्रॉइडच्या फ्रॅगमेंट लायब्ररीतच आहे. चौकटीनं कोणाचा पत्ता बाळगायचाच नाही. आकडा बंडलात बांधायचा, त्यावर खुणेचा शब्द घालायचा आणि ते फ्रॅगमेंट मॅनेजर नावाच्या मध्यस्थाकडे ठेवायचं. (बंडल म्हणजे गाठोडं, आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर चालणारा अर्थ इथं घेऊ नये.) स्क्रीननं उभं राहतानाच मध्यस्थाला सांगून ठेवायचं, 'या खुणेचं काही आलं तर माझं.' मोडून पुन्हा उभी राहिली तरी ती पुन्हा तेच सांगते आणि ती तयार होईपर्यंत मध्यस्थ गाठोडं राखून ठेवतो. खूण मात्र दोन्हीकडे तंतोतंत एक हवी. मी एकीकडे 'दूध' आणि दुसरीकडे 'दुध' लिहिलं (मराठीचा विद्यार्थी!) आणि पुन्हा एक दिवस सगळं शांत. ऱ्हस्व-दीर्घासाठी अर्धा अर्धा मार्क कापणाऱ्या आमच्या सरांची त्या दिवशी फार आठवण झाली.

ते २७० रुपये आईनं पुन्हा मागितले नाहीत. गेला महिनाभर ती आधी कोळसा उचलायची, मग फोन. अखेरीला मी आकडे वाचत गेलो, ती रेघा मोजत गेली. बाराही घरं जुळली. मी भिंत पुसायला फडकं ओलं करून आणलं.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, "अजून एक महिना बघू."