पॉव

पुण्यात खराडीला ईऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींत बसून कोड लिहिणाऱ्या कितीतरी जणांचं पॉवशी काम पडतं, पण त्याची चौकशी कुणी करत नाही. सी भाषेच्या गणिती लायब्ररीतला हा गडी, pow नावाचं फंक्शन. दिलेल्या आकड्याचा हवा तो घात काढून देणं, एवढंच त्याचं काम. वीस वर्षांचं गृहकर्ज, व्याज साडेआठ टक्के, हप्ते 240. महिन्याचं व्याज एकात मिळवून त्याचा 240वा घात मागितला, की पॉव 5.44 म्हणतो आणि लाखाला 868 रुपये हप्ता ठरतो. इथले टू-बीएचके त्याच्या शब्दावर वीस-वीस वर्षांसाठी बांधले गेलेत.

स्वभावानं पक्का कायदेशीर. 1999च्या सी प्रमाणकाचं परिशिष्ट एफ त्याला तोंडपाठ. कशाचाही शून्यावा घात एक. कशाचाही म्हणजे नॅनचासुद्धा! शून्याला शून्यानं भागलं की निघतो तो नॅन. आकडाच नव्हे असा शिक्का बसलेला. बेरीज असो की गुणाकार, ज्याला त्याचा हात लागला तो बाटला. पॉव मात्र त्याला शून्य घाताशी बसवून शांतपणे एक काढतो. पाया काहीही असता तरी उत्तर एकच येणार होतं, मग तो माहीत नसला म्हणून काय बिघडलं? एकाचा नॅनावा घातही एकच. मला हा युक्तिवाद पटतो. न पटणारेही बरेच आहेत.

जावाच्या आणि जावास्क्रिप्टच्या घरात एकाचा नॅनावा घात नॅनच. तेही आपापल्या प्रमाणकाला धरूनच. म्हणून सीच्या पॉवकडून जावाचं काम करून घ्यायचं, तर आधी दारात एक तपासणी बसवावी लागते. ती राहिली तर कोड बिनतक्रार चालतो आणि उत्तर मात्र परक्या कायद्याचं येतं.

शेवटचा अंक अचूकच हवा, अशी सक्ती प्रमाणकानं पॉववर केलेली नाही. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीतला जुना पॉव तरीही हट्टाला पेटायचा. उत्तर दोन शेजारी आकड्यांच्या जवळजवळ मधोमध आलं, की 768 बिट घेऊन पुन्हा मांडणी. मग एखाद्याच प्रश्नाला हजारो पट वेळ. खराडीतून मुंढव्याचा पूल ओलांडला की मगरपट्टा. तिथं रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीचं ऑफिस. रेड हॅटमध्ये असताना सिद्धेश पोयरेकर यांनी या रेंगाळण्यावर बरंच काम केलं. 2013च्या 2.18 आवृत्तीत हे दुखणं कमी झालं, आणि 2018च्या 2.28मध्ये तो लांबचा रस्ताच काढून टाकला. वेग आला, हट्ट गेला. मला तो हट्टी आवडायचा, पण रांगेत उभं राहायची पाळी माझ्यावर नव्हती.

बिनव्याजी हप्त्याच्या जाहिरातीत मात्र तो फुकट बदनाम होतो. मोबाइल घ्या, बारा हप्ते, व्याज शून्य. पॉवला एकाचा बारावा घात विचारतात, तो एक सांगतो. सूत्र त्यातून एक वजा करतं, खाली शून्य उरतं. वर व्याजाचं शून्य आहेच. हप्त्याच्या चौकटीत नॅन उमटतो, आणि टेस्टर बग लिहितो: पॉव चुकतोय.